‘कोर्ट’ चित्रपटाचा प्रारंभखंड : अटक, अंतर आणि साक्ष

१

संस्कृत नाटकाला नांदी असे. संगीत नाटकात नांदीनंतर सूत्रधार रंगभूमीवर येऊन आज कोणता खेळ व्हावयाचा आहे हे सांगत असे. चित्रपटाला असा सूत्रधार नाही. त्यामुळे सूत्रधाराचे काम चित्रपटाच्या पहिल्या काही दृश्यांनाच करावे लागते. प्रेक्षकाने कोठे बसावयाचे, कोणाकडे पाहावयाचे, कशाची वाट पाहावयाची आणि कशावर विश्वास ठेवावयाचा, हे त्या दृश्यांतून न सांगता ठरून जाते. म्हणून प्रारंभखंडाचे विश्लेषण म्हणजे केवळ सुरुवातीच्या प्रसंगांचा सारांश नव्हे. प्रेक्षकाला कोणती भूमिका देण्यात आली, याचा तो शोध होय.

प्रस्तुत लेखात चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ या चित्रपटाच्या प्रारंभखंडाचा असा शोध घ्यावयाचा आहे. हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला. तेथे त्याला ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठी असलेला, असे दोन पुरस्कार मिळाले. त्या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच लाभला. १७ एप्रिल २०१५ रोजी तो आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती अशा चार भाषांत वावरणारा हा चित्रपट मुंबई शहरातील एका खटल्याची कथा सांगतो. नारायण कांबळे नावाच्या वृद्ध शाहिरावर असा आरोप येतो की, त्याच्या गाण्यामुळे वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली.

या चित्रपटाची निवड करण्यास आणखी एक कारण आहे. शब्दांमुळे झालेली अटक हा त्याचा आरंभबिंदू आहे. आणि शब्दांमुळे झालेल्या अटकेचा अलीकडील काळातील एक सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे घडला. पालघर-बोईसर परिसरातील अभ्यासकाला हा प्रारंभखंड परका वाटण्याचे कारण नाही. चित्रपटाने पालघरची घटना आधार म्हणून घेतली, असा दावा येथे मुळीच नाही. परंतु कलाकृतीतील एखादी रचना समजून घेण्यास वास्तवातील समांतर घटना कधी कधी उपयोगी पडते. तसा उपयोग लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

२

प्रारंभखंडाची घडण पाहता ती अत्यंत साधी आहे. एका लहानशा खोलीत नारायण कांबळे मुलांची शिकवणी घेत आहे. शिकवणी संपते. तो घराबाहेर पडतो, बसने प्रवास करतो आणि एका वस्तीत भरलेल्या सभेच्या ठिकाणी पोहोचतो. एका हत्याकांडाच्या निषेधार्थ ही सभा भरली आहे. तो मंचावर चढतो आणि साथीदारांसह गाऊ लागतो. कार्यक्रम चालू असतानाच पोलीस मंचाजवळ येतात आणि त्याला घेऊन जातात. येथे प्रारंभखंड संपतो व न्यायालयाचे कामकाज सुरू होते.

नागर जीवनावरील चित्रपटांच्या प्रारंभाचे रूढ वळण आपल्या परिचयाचे आहे. उंचावरून दिसणारे शहर, समुद्राची कड, धावणारी लोकल, स्थानकावरची गर्दी आणि त्या गर्दीतून हळूहळू वेगळा होणारा नायक, असा तो क्रम असतो. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या चित्रपटाने या वळणाचा अर्थपूर्ण उपयोग करून घेतला. बँकेत नोकरी करणाऱ्या माधव आपटे याचा दिनक्रम तेथे जलद संकलनाने, तुकड्यातुकड्यांनी पुन:पुन्हा येतो. तेच घर, तीच गाडी, तेच काम. शहर म्हणजे पुनरावृत्त होणारा काळ, हे सूत्र प्रेक्षकाच्या मनावर पहिल्या काही मिनिटांत ठसते; आणि हा काळ एक दिवस फुटणार, अशी अपेक्षाही निर्माण होते. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या. तेव्हापासून पालघर, बोईसर येथील नोकरदारालाही त्या तालाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण उरलेले नाही.

‘कोर्ट’चा प्रारंभ यातले काहीच करीत नाही. त्याला शहराचे विहंगम दर्शन नको आहे, आणि वेगही नको आहे. त्याच्या शहराला आधी खोली आहे, मग बस, मग मंच, मग पोलीस आणि अखेर न्यायालय. म्हणजे रस्ते आणि इमारती यांनी बनलेले शहर येथे दिसत नाही. एका माणसाला एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे सोपविणारी साखळी दिसते. खोलीत तो गुरुजी आहे, बसमध्ये उतारू आहे, मंचावर शाहीर आहे आणि मंचाखाली आरोपी आहे. एकाच दिवसात, जवळजवळ एकाच चालीने, तो ही चार स्थाने पार करतो. नागर जीवनाचे हे लक्षण आपण सहसा ध्यानात घेत नाही. गावात माणसाची ओळख एकच असते व ती त्याच्यामागे फिरते. नगरात त्याची ओळख तो ज्या दारातून आत शिरतो त्यावर ठरते.

या दृष्टीने नगर कोठे सुरू होते, हा प्रश्नही निराळा होतो. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ साली वीज मिळू लागली. पुढे बोईसर-तारापूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि निरनिराळ्या प्रांतांतून कामगार आले. बोईसर लोकवस्तीने शहर झाले तरी त्याचा कारभार दीर्घकाळ ग्रामपंचायतीकडेच होता. पालघर हे १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे ठिकाण झाले. नगर म्हणजे उंच इमारती, अशी व्याख्या केली तर ही गावे नगराच्या कडेला पडतात. परंतु परवाना, हजेरीपट, चौकी, कचेरी आणि न्यायालय यांच्या साखळीला नगर म्हटले, तर ती नगराच्या मध्यभागी आहेत. ‘कोर्ट’च्या प्रारंभाने मांडलेले नगर या दुसऱ्या प्रकारचे आहे.

३

आता या खंडाच्या चित्रणपद्धतीकडे वळू. मृणाल देसाई यांचे छायाचित्रण आणि रिखव देसाई यांचे संकलन यांत एक कठोर शिस्त आहे. कॅमेरा बहुधा स्थिर असतो, अंतरावर असतो आणि चौकटीत बरीच माणसे एकाच वेळी मावतील अशा बेताने ठेवलेला असतो. दृश्य लवकर तुटत नाही. शाहीर गात असता त्याच्या चेहऱ्याच्या समीपदृश्यांची मालिका लावून प्रेक्षकाला उत्तेजित करता आले असते. अटकेच्या क्षणी कॅमेरा पुढे धावला असता, संगीत चढले असते, कोणी आक्रोश केला असता. यातले काही घडत नाही. अटक ही एखाद्या कार्यालयीन कामासारखी उरकली जाते.

या पद्धतीवर एक आक्षेप संभवतो. स्थिर कॅमेरा, दीर्घ दृश्य आणि संयत अभिनय ही पाश्चात्त्य महोत्सवांतील चित्रपटांची शैली आहे. ती मराठी विषयावर बाहेरून बसविली आहे. आणि तिच्यामुळे शाहिरीसारख्या उष्ण कलेला थंडपणा आला आहे, असे म्हणता येईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. परदेशांतील चित्रपटकलेचा परिचय या दिग्दर्शकाला आहे, हे उघड आहे. तथापि शैलीचे मूळ कोठले, हा प्रश्न आणि ती येथे काय करते, हा प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत.

जलसा पाहावयास आलेला माणूस कोठे बसतो, याचा विचार केला म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. तो मंचासमोर, काही अंतरावर, इतरांच्या मध्ये बसतो. शाहिराचा चेहरा त्याला जवळून दिसत नाही. शाहीर, साथीदार, मंच, मागचा फलक आणि कडेला उभी असलेली माणसे असे सर्व एकत्र दिसते. मंचाच्या कडेला पोलीस आला तर तो त्याला गाणे चालू असतानाच दिसतो. ‘कोर्ट’चा कॅमेरा अशाच श्रोत्याच्या ठिकाणी ठेवला आहे. म्हणजे हे अंतर परक्याचे नाही; सभेला आलेल्या माणसाचे आहे. त्यामुळे अटक झाली तेव्हा आपण तेथे होतो, अशी भावना प्रेक्षकाच्या मनात राहते. तेथे होतो आणि जागचे हललो नाही, ही तिची दुसरी बाजू. कॅमेऱ्याची निश्चलता ही आपलीच निश्चलता आहे, याची जाणीव मागाहून होते, आणि ती सुखद नसते.

पुढे न्यायालयातही कॅमेरा तितक्याच अंतरावर बसतो. परंतु तेथे त्याच अंतराला दुसरा अर्थ येतो. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, कारकून आणि मागच्या बाकांवरील पक्षकार एका चौकटीत येतात, आणि हे अंतर आता संस्थेच्या अलिप्ततेशी जुळते. सभेतील श्रोत्याचे अंतर आणि न्यायासनाचे अंतर मोजमापाने सारखे असूनही जातीने भिन्न आहेत, हे दाखविण्यासाठी दोन्ही ठिकाणी एकच चित्रणपद्धती योजणे आवश्यक होते. प्रारंभखंड नाट्यपूर्ण रीतीने चित्रित केला असता तर ही तुलना शक्यच झाली नसती.

४

प्रारंभी शाहीर आपल्यासमोर शाहीर म्हणून येत नाही, शिक्षक म्हणून येतो. हा क्रम सहज आलेला नाही. मराठी वाचकाला येथे विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची आठवण व्हावी. त्या नाटकाची नायिका लीला बेणारे हीसुद्धा शिक्षिका आहे. नाटकाच्या आरंभी, खटल्याचा खेळ सुरू होण्याच्या आधी, ती आपल्या शाळेबद्दल आणि मुलांबद्दल भरभरून बोलते. प्रेक्षकाला तिची पहिली ओळख होते ती या आनंदातून. पुढे अभिरूप न्यायालय तिच्यावर आरोप ठेवते तेव्हा आधीची ओळख आणि नंतरचा आरोप यांच्यामधील अंतर हाच नाटकाचा खरा आशय ठरतो. आरोप मनुष्याला त्याच्या एका कृत्यापुरता, किंवा कृत्याच्या कल्पनेपुरता, लहान करतो. मनुष्य त्याहून मोठा होता हे ज्याने आधी पाहिले आहे, त्यालाच हे लहान करणे दिसू शकते.

‘कोर्ट’च्या प्रारंभातील शिकवणीचे दृश्य हेच कार्य करते. भेद इतकाच की तेंडुलकरांनी हे कार्य संवादाने केले, तर ताम्हाणे यांनी ते खोलीने केले आहे. नारायण कांबळे स्वत:विषयी काही सांगत नाही. खोली लहान आहे, मुले पुष्कळ आहेत, काम रोजचे आहे. एवढ्यावरून त्याचे सारे आयुष्य अनुमानाने कळते. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक म्हणून ते परिचित होते. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. व्यवसायाने नट नसलेल्या या माणसाच्या वावरण्यात जो सहजपणा आहे, त्यामुळे मुलांना शिकविणे आणि मंचावर गाणे ही दोन कामे एकाच वृत्तीची वाटतात. दोन्ही ठिकाणी तो समोर बसलेल्यांना काही समजावून सांगत आहे. सत्यशोधकी जलसा, आंबेडकरी जलसा आणि अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक या साऱ्या परंपरेत शाहीर हा लोकशिक्षक मानला गेला. खोलीतून मंचाकडे जाणारा बसचा प्रवास ही परंपरा एका ओळीत सांगतो.

५

प्रारंभखंडातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र त्यात जे नाही त्यात आहे.

आपण शाहिराला गाताना पाहतो, त्याला अटक होताना पाहतो. आणि साहजिकच समजतो की, याच गाण्यासाठी त्याला पकडले. पुढे न्यायालयात कळते की तसे नाही. आरोप दुसऱ्याच कार्यक्रमातील दुसऱ्याच गाण्याबद्दल आहे. सफाई कामगारांनी गटारात जीव द्यावा असे त्या गाण्यात म्हटले होते, आणि ते ऐकून दोन दिवसांनी वासुदेव पवार मेला, अशी फिर्याद आहे. हे गाणे चित्रपटात कोठेही ऐकू येत नाही. तो कार्यक्रमही दिसत नाही. त्याविषयी आपल्याला कळते ते सारे सरकारी पक्षाच्या आणि साक्षीदारांच्या तोंडून.

याचा परिणाम दुहेरी आहे. एकीकडे प्रेक्षक साक्षीदार आहे: त्याने शाहीर पाहिला, गाणे ऐकले, अटक पाहिली. दुसरीकडे ज्या गोष्टीचा खटला चालू आहे तिच्याविषयी त्याच्याजवळ काहीही पुरावा नाही. सामान्य न्यायालयीन चित्रपटात प्रेक्षकाला खरे काय घडले ते आधी तरी माहीत असते किंवा शेवटी तरी कळते. येथे त्याला तो अधिकार दिलेलाच नाही. दिलेला आहे तो केवळ एक निकष: पहिल्या गाण्याचा माणूस आणि फिर्यादीतला माणूस हे एकच असू शकतात काय? म्हणून प्रारंभीचे गाणे पुराव्याच्या कामाचे नसले तरी चारित्र्याच्या साक्षीचे आहे.

शब्दाच्या परिणामाबद्दल शब्दकर्त्याला जबाबदार धरावयाचे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. इंग्रज सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली त्यावर बंदी आली. नाटकाच्या संहितेत महाभारतातील कथा होती. प्रेक्षकांनी तिच्यात लॉर्ड कर्झनला पाहिले. दोष ठेवण्यात आला तो संहितेतील वाक्यांपेक्षा श्रोत्यांच्या मनात उमटलेल्या अर्थावर. ‘कोर्ट’मधील फिर्याद याच तर्काची पुढची पायरी होय. तेथे निदान प्रेक्षकांचा समुदाय समोर होता. येथे एकच श्रोता आहे, तो मेलेला आहे, आणि त्याच्या मनात काय उमटले हे त्याच्या वतीने सरकार सांगत आहे. या आरोपाला भारतीय दंडसंहितेचे ३०६ हे कलम होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत तोच अपराध १०८ व्या कलमात आला आहे. आकडा बदलला तरी प्रश्न तोच राहतो: दुष्प्रेरण म्हणजे काय?

शाहीर आणि आत्महत्या हे शब्द एकत्र आले की, मराठी अभ्यासकाला विलास घोगरे यांचे नाव आठवल्यावाचून राहत नाही. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच या शाहिराने गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचा तो आरंभबिंदू आहे. त्या घटनेत भोवतालच्या हिंसेमुळे शाहिराने स्वत:चा जीव दिला. ‘कोर्ट’मध्ये शाहिराच्या गाण्यामुळे दुसऱ्याने जीव दिला असे म्हटले जाते. वास्तव आणि आरोप यांची ही उलटापालट लक्षात घेतली म्हणजे फिर्यादीतील उपरोध अधिक टोचतो.

वासुदेव पवार कसा मेला याचे उत्तर चित्रपट पुढे त्याच्या विधवेच्या साक्षीतून देतो. गटारात विषारी वायू आहे की नाही हे तो आत खडा टाकून, झुरळे बाहेर येतात की नाही यावरून ठरवीत असे; संरक्षक साधने त्याच्यापाशी नव्हती; वास सहन व्हावा म्हणून तो आधी दारू पीत असे. ही साक्ष अत्यंत शांतपणे, कोणताही भाव न चढविता दिली जाते, आणि तिने फिर्यादीचा पायाच ढासळतो. हाताने मैला साफ करण्याच्या कामास मज्जाव करणारा कायदा २०१३ साली झाला. तरीही एप्रिल २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील विरार येथे एका गृहसंकुलाच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. बोईसर-तारापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्यास वायूने माणूस मरतो म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. तेथील प्रेक्षक ‘आत्महत्या’ हा शब्द न्यायालयात प्रथम उच्चारला जातो तेव्हाच सावध होईल. प्रारंभखंडात हा मृत्यू नाही, मृताचे नावही नाही. ज्याच्या मरणासाठी हे सारे चालले आहे तोच प्रारंभी अनुपस्थित असावा, ही रचना नगराच्या स्वभावाशी जुळणारी आहे. गटारात काम करणारा माणूस मेल्यावरच नोंदीत येतो. आणि तेव्हाही तो दुसऱ्या कोणाला तरी आरोपी ठरविण्याच्या कामी येतो.

६

आता आरंभी उल्लेखिलेल्या पालघरच्या घटनेकडे येऊ. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. त्यानंतर मुंबई बंद राहिली. या बंदबाबत प्रश्न विचारणारा मजकूर पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो आवडल्याची खूण केली. दोघींनाही अटक झाली. पहिलीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली. दोघींना जामीन मिळाला, देशभर टीका झाली, पुढे हे प्रकरण बंद करण्यात आले. याच घटनेच्या पार्श्वभूमीवर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्याच्या निकालाने ते कलम घटनाबाह्य ठरले. ‘कोर्ट’ चित्रपटगृहांत आला तो त्यानंतर चोवीस दिवसांनी.

दोन घटनांत भेद पुष्कळ आहेत. शाहीर व्यासपीठावरून हेतुपुरस्सर जाहीर बोलतो. त्या तरुणीने आपल्या परिचितांच्या वर्तुळात एक मत मांडले होते. शाहिरामागे परंपरा आणि चळवळ आहे. तिच्यामागे कोणी नव्हते. शाहिरावर खटला चालतो. पालघरचे प्रकरण खटल्यापर्यंत गेले नाही. हे भेद मान्य करूनही एक साम्य उरते, आणि ते प्रारंभखंडाच्या रचनेशी थेट संबंधित आहे. दोन्हीकडे अटक आधी येते आणि शब्दांचा अर्थ नंतर लावला जातो.

‘कोर्ट’च्या प्रारंभात आपण अटक पाहतो त्या वेळी आरोप काय, हे आपल्याला माहीत नसते. चित्रपटाने ही माहिती काही रहस्य टिकविण्यासाठी लपविलेली नाही. रहस्य टिकवावयाचे असते तर पुढच्याच दृश्यांत ती इतक्या रुक्षपणे सांगितली नसती. माहितीचा हा क्रम हाच चित्रपटाचा सिद्धान्त आहे: नगरात शब्दाबद्दल अटक होते तेव्हा प्रथम माणूस ताब्यात येतो, नंतर कलम सापडते, आणि सर्वांत शेवटी, वेळ मिळाल्यास, शब्द काय होते हे पाहिले जाते. पालघरच्या घटनेवरून दिसते की, हा क्रम दिग्दर्शकाची अतिशयोक्ती नाही. ‘आवडले’ अशी खूण करणे हे लेखन आहे काय, भाषण आहे काय, की दोन्ही नाही, असा प्रश्न अटकेच्या आधी कोणाला पडला नाही. अटक झाल्यावर साऱ्या देशाला पडला.

वाङ्मयाच्या अभ्यासकाचा येथे विशेष संबंध येतो. शब्दाचा अर्थ लावणे हे त्याचे काम आहे. त्या कामाला वेळ लागतो, संदर्भ लागतो, वक्ता कोण व श्रोता कोण हे पाहावे लागते, वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ वेगळे करावे लागतात. ‘कोर्ट’मधील न्यायालयात गाण्याचे शब्द येतात ते चाल, ठेका, साथ आणि श्रोते यांपासून तोडलेले, शहाळ्यातले पाणी काढून घेऊन करवंटी पुढे ठेवावी तसे. प्रारंभखंडात आपण एक गाणे त्याच्या सर्व अंगांसह ऐकलेले असते, म्हणून न्यायालयात त्यातले काय गळाले हे आपल्याला समजते. प्रारंभीच्या गाण्याचे हे दुसरे आणि अधिक खोल प्रयोजन म्हणता येईल.

७

या प्रारंभखंडाचे गुण सांगून झाल्यावर त्याच्या रचनेतून निर्माण होणारी एक उणीवही सांगितली पाहिजे. चित्रपट पुढे बचावाचा वकील विनय व्होरा, सरकारी वकील नूतन आणि न्यायाधीश सदावर्ते या तिघांच्या न्यायालयाबाहेरील जीवनात जातो. विवेक गोंबर, गीतांजली कुलकर्णी आणि प्रदीप जोशी यांनी या भूमिका केल्या आहेत. व्होराचे सुस्थित घर, नूतनचा लोकलचा प्रवास, तिचा स्वयंपाक आणि कुटुंबासह नाटकाला जाणे, सदावर्त्यांची सहल: हे सारे तपशिलाने येते, आणि त्यातून त्यांचे वर्ग, भाषा व पूर्वग्रह कळतात. शाहिराला मात्र असा विस्तार मिळत नाही. त्याचे घर म्हणून आपल्याजवळ उरते ती मुख्यत: आरंभीची खोली. त्यामुळे न्याय करणाऱ्यांची माणुसकी चित्रपटात सविस्तर आहे, आणि ज्याचा न्याय व्हावयाचा त्याची सूचित आहे. हे न्यायसंस्थेच्या दृष्टीचेच प्रतिबिंब आहे, असे समर्थन करता येईल. पण प्रतिबिंब दाखविणे आणि तीच दृष्टी पत्करणे यांतील सीमारेषा येथे पुसट होते, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल. खोलीच्या त्या एका दृश्यावर फार भार पडला आहे. ते दृश्य तो पेलते, हे त्याचे सामर्थ्य. त्याला तो पेलावा लागतो, ही चित्रपटाची मर्यादा.

या भाराची परतफेड शेवटी काही प्रमाणात होते. न्यायालयाला सुटी लागते. रिकाम्या दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळोखात जातो. चित्रपट येथे संपला असता तर तो एक सुबक शेवट ठरला असता. परंतु त्यानंतर सहलीच्या ठिकाणी बाकावर डुलकी घेत असलेले न्यायाधीश दिसतात. मुले ओरडून त्यांना दचकवतात व पळतात. हाती सापडलेल्या एका मुलाला ते थप्पड मारतात आणि पुन्हा झोपी जातात.

प्रारंभी मुले होती, अखेरीसही मुले आहेत. आरोपी मुलांना शिकवीत होता. न्यायाधीश मुलाला मारतो. दोन्ही दृश्ये स्वतंत्रपणे किरकोळ वाटतात. एकापुढे एक ठेवली म्हणजे मधल्या साऱ्या खटल्याचा निकाल त्यांत मिळतो, आणि तो कोणत्याही न्यायासनाने दिलेला नाही. ज्या मुलाने थप्पड खाल्ली तो दोषी होता की नाही, हे पाहण्यास न्यायाधीश थांबले नाहीत. हाती लागला त्याला शिक्षा झाली. मंचाजवळच्या अटकेचा अर्थ येथे पूर्ण होतो.

प्रारंभखंडाने प्रेक्षकाला साक्षीदाराच्या जागी बसविले होते. अशा साक्षीदाराला न्यायालय बोलावीत नाही. परंतु पालघरच्या प्रकरणात जो बदल घडला, तो ज्यांना कोणी बोलाविले नव्हते अशा पुष्कळांनी शब्द पुन्हा वाचून पाहिले, म्हणूनही घडला. अटकेनंतर तरी शब्द वाचावेत, आणि शक्य तर आधी वाचावेत, एवढी अपेक्षा ‘कोर्ट’चा प्रारंभ आपल्या प्रेक्षकाकडून करतो. साहित्याच्या विद्यार्थ्याकडून याहून कमी अपेक्षा करता येणार नाही.